गच्ची, गॅलरी आणि परड्यातली कुंडीबाग: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात कुंड्या लावणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. फरक एवढाच की खानापूरकराचं झाड पाण्यानं कुजतं आणि अथणीकराचं वाळतं. खाली दिलेली मापं २० लिटरच्या कुंडीला धरून आहेत. रंगाची मोठी बादली असते, साधारण तेवढी.

बेळगावात भाजी एवढी ताजी मिळते, मग कुंडीत कशाला लावायची?

पैसे वाचतील म्हणून लावणार असाल तर लावू नका. आसपासच्या खेड्यांतली भाजी रोज सकाळी बाजारात उतरते. कुंडी, माती, खत यांचा हिशोब मांडला तर घरची वांगी महागच पडतात.

पण फोडणीत मोहरी तडतडली की दारातल्या कढीलिंबाची डहाळी ओरबाडून टाकता येते. कोथिंबिरीच्या चारच काड्या हव्या असताना अख्खी जुडी आणून फ्रीजमध्ये कुजवावी लागत नाही. मेथीची बोटभर कोवळी रोपं बाजारात सहसा मिळत नाहीत, ती मुळासकट उपटून थालीपिठात घालता येतात. आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेलं की सकाळी नसलेली एक कळी दिसते. या सगळ्याचा दर लावता येत नाही.

पहिल्यांदाच लावतोय. काय लावू?

मेथी, पुदिना आणि एक मिरचीचं रोप. टोमॅटोच्या मोहात पहिल्याच वर्षी पडू नका. त्याला रोग फार, आणि पहिलंच झाड वाळलं की ‘आमचा हात लागत नाही’ म्हणून कुंड्या माळ्यावर जातात.

मेथीला वाणसामानाच्या डब्यातले दाणे चालतात. दीड फूट रुंद, अर्धा फूट खोल ट्रेला दोन मोठे चमचे दाणे पुरतात. रात्रभर भिजवा, ओल्या मातीवर विखरा, वर नखाएवढा मातीचा थर द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचलून कोंब वर येतात, पंचविसाव्या दिवसाच्या आसपास भाजी होते.

कोथिंबिरीला थोडा धीर हवा. अख्खा धणा म्हणजे दोन बिया एकत्र असतात. लाटणं हलक्या हातानं फिरवून त्याचे दोन भाग करा आणि १२ तास भिजवून पेरा. ८ ते १२ दिवस काहीच दिसत नाही. याच काळात लोक माती उकरून बघतात आणि कोंब मोडतात.

कुंडी मातीची घ्यावी की प्लास्टिकची?

खानापूरची मातीची भांडी आणि कौलं जुन्या काळापासून नावाजलेली आहेत. खादी-ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथंच आहे. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर जाते, त्यामुळं मुळं उन्हाळ्यात थंड राहतात आणि पावसाळ्यात कुजण्याचा धोका कमी होतो. तोटे दोन: वजन, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी. नवी कुंडी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मातीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकते.

गच्चीवर जास्त कुंड्या ठेवायच्या असतील तर ग्रो बॅग किंवा रंगाची रिकामी बादली बरी. बादली आतून घासून धुवा. तळाला करंगळी जाईल एवढी ६-७ भोकं पाडा, शिवाय तळापासून इंचभर वर बाजूलाही ३-४ पाडा. बादली सपाट जमिनीवर टेकली की तळाची भोकं बंद होतात, तेव्हा बाजूची कामाला येतात. सिमेंटची पोती उन्हानं सहा-आठ महिन्यांत फाटतात. तेलाचा पत्र्याचा डबा उन्हात तापून मुळं भाजतो. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरायचा नाही.

मापं अशी: पालेभाजीला ६ इंच खोली पुरे, पण रुंदी हवी. मिरचीला १० ते १२ लिटर, टोमॅटो-वांग्याला १५ ते २० लिटर, दोडका-कारल्यासारख्या वेलाला २५ ते ३० लिटर. कलमी लिंबाला २०० लिटरचं पिंप आडवं कापून त्याचा एक अर्धा भाग वापरा.

पाणी निथळावं म्हणून तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालायचे ना?

नाही. जवळजवळ प्रत्येक घरात हे करतात आणि त्यानं उलटंच होतं.

भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पण उंची वाढल्यावर जास्त पाणी निथळलं. उरलेलं पाणी स्पंजाच्या तळाशी साचून राहिलेलं असतं.

कुंडीतली मातीही तशीच वागते. तिच्या सगळ्यात खालच्या थरात पाणी धरून ठेवलेलं असतं. खाली खड्यांचा थर दिला की बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडतं. म्हणजे चिखलाचा थर तळाशी राहायच्या ऐवजी तीन इंच वर, थेट मुळांत येतो. शिवाय तेवढी मातीही कमी झाली.

भोकावर फुटक्या कौलाचा एक वाकडा तुकडा पालथा ठेवा किंवा नारळाच्या काथ्याची चिमूट दाबा. माती वाहून जाऊ नये, एवढंच काम. निचरा हवा तर तो संपूर्ण मातीच्या मिश्रणात असावा लागतो.

मग मिश्रण कसं करायचं? आमच्याकडे काळी माती आहे, चालेल?

२० लिटरच्या कुंडीला लाल माती ८ लिटर, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ५ लिटर, भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम. वरचे दोन इंच मोकळे ठेवा. पाणी घातल्यावर ते तिथं उभं राहून हळूहळू मुरतं. कुंडी काठोकाठ भरली तर पाण्याबरोबर खत गच्चीवर येतं.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजल्यावर ६०-७० लिटर होते. ती दोनदा धुवून घ्या. काथ्यातले क्षार राहिले तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाला कोकोपीट फार ओल धरतं. तिथं निम्मं कोकोपीट काढून त्या जागी अर्धवट जळालेलं भाताचं तूस घाला. कच्चं तूस नको, ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात.

निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत डोकेदुखी. भिजली की फुगते, वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडा सोडते. घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मातीचा गोळा कोरडाच राहतो. काळीच वापरायची तर एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

राखेचंही असंच. जांभ्याची लाल माती आंबट असते, तिला मूठ-दोन मूठ चुलीची राख मानवते. काळ्या मातीला राख घालू नका. तिथं आधीच गुलाब-जास्वंदीची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असा लोहाचा तुटवडा दिसतो, राखेनं तो वाढतो. त्यावर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) १ ग्रॅम एक लिटर पाण्यातून पानांवर फवारा.

नर्सरीत पोत्यांवरची नावं बऱ्याचदा कानडीत असतात. लाल माती म्हणजे ‘केंपु मण्णु’, शेणखत ‘कोट्टिगे गोब्बर’, गांडूळखत ‘एरेहुळु गोब्बर’, निंबोळी पेंड ‘बेविन हिंडी’. एवढे चार शब्द आले की काम होतं.

स्लॅबला भार झेपेल का? छत गळणार नाही ना?

भिजलेल्या २० लिटरच्या कुंडीचं वजन २२ ते २५ किलो धरा. वावरायच्या गच्चीची रचना साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून केलेली असते, आणि त्यात माणसंही आली. म्हणून मधोमध गर्दी न करता कुंड्या भिंतींच्या आणि बीमच्या रेषेत लावा. पुढं आलेल्या गॅलरीत कठड्याकडच्या टोकाला जड कुंडी नको. जुन्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर मोठ्या कुंड्या ठेवूच नका.

गळती कुंडीमुळं होत नाही, कुंडीखालच्या कायमच्या ओलीमुळं होते. प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर दोन-तीन इंच उचला, म्हणजे खालून वारा जाईल आणि झाडूही. वाऱ्याच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत, कठड्यावर एकही कुंडी नको. खाली गल्लीत माणसं चालतात.

पाणी रोज किती घालायचं?

‘रोज एक तांब्या’ असं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. वरवर थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एका उन्हात माना टाकतात.

एक फसवणूक मात्र ओळखा. पाणी घातलं की लगेच खालून येतं, तरी झाड सुकलेलंच. याचा अर्थ मिश्रण एकदम वाळलं आहे आणि पाणी कडेकडेनं पळतंय. कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. अख्खी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

दुपारी बारा-एकला वांग्याची, दोडक्याची पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर तो नुसता उन्हाचा परिणाम. सकाळी सात वाजताही मलूल असतील तर बोट घालून बघा. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं कुजली आहेत, आणखी पाणी घालणं म्हणजे त्याला मारणं.

बोअरच्या खाऱ्या पाण्यानं मातीवर पांढरा थर येतो. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढा. पावळीचं पाणी साठवलेलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

कोणत्या महिन्यात काय?

वैशाखात वळीव झाला की आलं आणि हळद. अंगठ्याएवढा, एक-दोन डोळे असलेला तुकडा दोन इंच खोल लावा, रुंद पसरट कुंडीत. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की काढा. मिरचीचं बी मे महिन्यात टाका. मृगाच्या सरींबरोबर भेंडी, दोडका, काकडी, चवळी. पालेभाजी जुलै-ऑगस्टच्या झडीत नको, सडते. गणपती झाले की टोमॅटो-वांग्याची रोपं तयार करा. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कोबी, शेवंती, सगळं. आपल्याकडची हिवाळ्यातली गार हवा पालेभाजीला फार मानवते. मार्चनंतर कोथिंबीर फुलावर जाते, तेव्हा तिचा नाद सोडून गवार लावा.

टोमॅटोत बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ (पानं चुरगळवणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. संकरित असल्यामुळं त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही. संकेश्वरी मिरची कुंडीत येते, पण वर्षाच्या चटणीपुरती येईल अशी आशा नको.

ऊन कमी आहे. गल्लीत घरं एकमेकांना टेकलेली आहेत.

फळभाजीला सहा तास थेट ऊन लागतं, त्याला पर्याय नाही. तीन-चार तास मिळत असेल तर पालक, मेथी, लाल माठ. त्याहून कमी असेल तर पुदिना, अळू, विड्याचं पान.

खत कधी, किती?

कुंडीतली शिदोरी दीड महिन्यात संपते. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, वरची इंचभर माती हलवून त्यात. फुलं धरल्यावर शेंगपेंडीचं पाणी: १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, गाळा, त्यात दहापट पाणी घाला आणि कुंडीला अर्धा लिटर द्या. वास येतो. पाहुणे यायच्या दिवशी देऊ नका. रासायनिक चालत असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) हे विद्राव्य खत २ ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवरच.

मातीवर उसाचं पाचट किंवा भुईमुगाची टरफलं दोन इंच पसरा. आपल्याकडे दोन्हींना तोटा नाही, आणि उन्हाळ्यात पाण्याची गरज बरीच कमी होते. साखर कारखान्याची ताजी मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) मात्र थेट घालू नका, ती कुजताना तापते. कुजवलेली चालते.

शेणखत घातल्यावर झाड उभं वाळलं. ओढलं तर मुळंच नाहीत.

हुमणी. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. ऊसकरी तिला चांगलं ओळखतात. ती अर्धकच्च्या शेणखताबरोबर येते. खत वापरण्याआधी फरशीवर पसरून चाळा, अळ्या वेचा, एक दिवस उन्हात ठेवा. कावळे आणि साळुंक्या उरलेलं काम करतात.

मिरचीची पानं आकसून गोळा होतात.

आधी पान कुठं वळलंय ते बघा. कडा वर वळून होडीसारखी झाली असेल तर फुलकिडे (थ्रिप्स). कडा खाली वळून पालथ्या होडीसारखी, देठ लांबलेला असेल तर कोळी (माइट ही बारीक कीड, घरातला कोळी नव्हे). दोघांना एकच औषध मारून उपयोग होत नाही, म्हणून हे बघणं महत्त्वाचं.

फुलकिड्यांना निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण १ मिली, एक लिटर कोमट पाण्यात. आधी साबण पाण्यात, मग तेल, नाहीतर तेल वर तरंगतं. ऊन कलल्यावर, पानांच्या खालून, दर सहा-सात दिवसांनी तीनदा. कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला. कडक उन्हात गंधक नको आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे तरी नको, पानं होरपळतात. टोमॅटोचा शेंडाच बारीक, पिवळा, चुरगळलेला होऊन वाढ खुंटली तर तो विषाणू. त्याला औषध नाही, झाड पिशवीत घालून टाका, म्हणजे पांढरी माशी तो शेजारच्या कुंडीत नेणार नाही.

निपाणीकडे तंबाखूचा काढा फवारतात. तो वापरावा का?

नको. निकोटीन कातडीतून अंगात जातं, आणि घरच्या भाजीवर ते कशाला? दुसरं कारण लोकांना ठाऊक नसतं: सुकलेल्या तंबाखूतही तंबाखूच्या मोझॅक रोगाचा विषाणू टिकून राहतो, आणि टोमॅटो-मिरची त्याच कुळातली. तंबाखू मळून त्याच हातानं रोपाचे शेंडे खुडणाऱ्यांनीही आधी साबणानं हात धुवावेत.

टोमॅटो खालून काळा पडून बसतो.

कीड नाही, बुरशी नाही. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतात. अंड्याची टरफलं लगेच उपयोगी पडत नाहीत, त्यांना कुजायला महिने लागतात.

डासांचं काय?

कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवू नका. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका.

आठवडाभर जत्रेला, गावाला जायचं आहे.

सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, निघण्यापूर्वी पोटभर पाणी द्या, वर पाचट. तरी जपायची असेल त्या कुंडीशेजारी स्टुलावर पाण्याची बादली ठेवा. जाड सुती दोरी आधी भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन इंच खोल. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. निघायच्या दोन दिवस आधी एकदा करून बघा.

जुनी माती टाकून द्यायची का?

मुळीच नाही. मुळं वेचून काढा, मे महिन्यात काळ्या प्लास्टिकखाली तीन-चार आठवडे तापवा. मग चौथा हिस्सा नवं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. फक्त टोमॅटोनंतर त्याच मातीत वांगं-मिरची नको, मेथी किंवा चवळी लावा.

दोडक्याला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. कोवळं फळ पिवळं होऊन गळतं.

सुरुवातीला आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. नंतर ज्या फुलामागं बोटाएवढा दोडकाच दिसतो ती मादी. चौथ्या मजल्यावर कीटक कमी येतात, तेव्हा परागीकरण आपल्याला करावं लागतं. आणि इथं वेळ चुकते. कारल्याचं फूल पहाटे उमलतं, म्हणून लोक दोडक्याकडेही सकाळीच जातात. दोडक्याचं पिवळं फूल उमलतं संध्याकाळी, पाचनंतर. त्या वेळी ताजं नर फूल खुडा, पाकळ्या मागं वळवा, मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच दोन-तीनदा फिरवा. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे पराग तयार आहेत. एका नर फुलाच्या परागावर दोन मादी फुलांचं काम होतं. तीन-चार दिवसांत मागचा दोडका देठाकडून जाड व्हायला लागला की समजा धरला.